एकटा लेखक आणि गोड पत्र



कामगार चळवळीतल्या माणसाने लेखकांच्या अडचणींवर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. पण स्वतःचे पुस्तक स्वतःच काढणारा लेखक हाही एक कामगारच होय. आणि तोही एकटा, असंघटित. 'आधी रक्कम भरा, मग नोकरी लावून देतो' म्हणणारे दलाल मी कारखान्याच्या फाटकावर तीस वर्षे पाहत आलो. आज तोच दलाल ईमेलने लेखकाच्या घरी येतो.

आमच्या युनियनमधील एका निवृत्त टर्नरने आत्मकथन लिहिले. मुलीने त्याचे इंग्रजी केले आणि इंटरनेटवर विक्रीस ठेवले. वर्षभरात जेमतेम तीस प्रती खपल्या. मग परदेशातील एका वाचक मंडळाचे म्हणून पत्र आले. स्तुती अशी की, लिहिणाऱ्याने पानन्‌पान वाचले असावे. शेवटी दोनच ओळी होत्या : पुढील बैठकीत आपले पुस्तक घेऊ, व्यवस्थेपुरते दोनशे डॉलर पाठवावेत. यांनी फंडाच्या पैशातून ते पाठवले. पुन्हा मागणी आली तेव्हा ते माझ्याकडे आले. म्हणाले, "कॉम्रेड, पैशाचं एवढं नाही. माझं पुस्तक कुणी वाचलंच नव्हतं, ते लागलं."

हे घडते कसे? विक्रीच्या पानावर पुस्तकाचा सारांश असतो, वाचकांचे अभिप्राय असतात. तेवढा मजकूर कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्राला दिला की क्षणात जिव्हाळ्याचे पत्र तयार होते. कधी ते वाचक मंडळाच्या नावाने येते, कधी बड्या प्रकाशकाच्या वा चित्रपट कंपनीच्या. कधी नामवंत लेखकाचे नाव घेऊन कुणी आधी मैत्री जोडतो आणि मग आपल्या 'ओळखीचा प्रचारक' पुढे करतो. रूपे अनेक, पण पैसे अखेर लेखकानेच द्यायचे.

ही किरकोळ लबाडी समजू नये. पुस्तक मोठा प्रकाशक घेईल, त्यावर चित्रपट निघेल, अशी आशा दाखवून शुल्क उकळल्याचा एक खटला अमेरिकेत सॅन डिएगोच्या न्यायालयात गुदरला गेला. २०२५ च्या जानेवारीत त्याचे आरोपपत्र जाहीर झाले. सरकारी वकिलांच्या म्हणण्याप्रमाणे ८०० हून अधिक लेखकांचे मिळून ४ कोटी ४० लाख डॉलर त्यात गेले.

मग ओळखावे कसे? जेम्स मॅक्डोनाल्ड या अमेरिकन लेखकाने सांगितलेला नियम सोपा आहे : पैसा लेखकाकडे यावा. स्वतः पुस्तक काढणाऱ्याला मुद्रकाला, चित्रकाराला पैसे द्यावे लागतात, हे खरे. पण तिथे माणूस आपण शोधतो, दर विचारतो, काम पाहतो. न बोलावता आलेल्या आणि स्तुती करून पैसे मागणाऱ्या पत्राला उत्तरच देऊ नये. मोह आवरत नसेल, तर त्या मंडळाचा पत्ता स्वतः शोधून तिथे विचारावे. खरे वाचक पुस्तक वाचण्याचे पैसे लेखकाकडून घेत नाहीत. पैसे गेलेच असतील, तर लाज न धरता तत्काळ बँकेला आणि १९३० या सरकारी क्रमांकावर कळवावे.

लाज हेच या धंद्याचे भांडवल आहे. फसलेला गप्प बसतो, म्हणून दुसरा फसतो. लंडनमध्ये १८८४ साली वॉल्टर बेझंट यांच्या पुढाकाराने लेखकांची संस्था उभी राहिली ती याच जाणिवेतून, की करार आणि हिशेब एकट्याने तपासण्यापेक्षा दहाजणांनी मिळून तपासावेत. अमेरिकेत ॲन क्रिस्पिन आणि व्हिक्टोरिया स्ट्रॉस या लेखिकांनी १९९८ पासून 'रायटर बिवेअर' या नावाने अशा फसवणुकींची माहिती गोळा करून उघड मांडण्यास सुरुवात केली. आपल्याकडे प्रत्येक वाचनालयाला, प्रत्येक साहित्य मंडळाला हे काम विनाखर्च करता येईल.

आम्ही ते पत्र नाव झाकून युनियनच्या फळ्यावर लावले. दुसऱ्याच आठवड्यात एक शिक्षिका तसलीच दोन पत्रे घेऊन आली. तिने अजून पैसे पाठवले नव्हते. आणि आमच्या टर्नरचे मूळ मराठी हस्तलिखित आता दर शनिवारी संध्याकाळी कचेरीत मोठ्याने वाचले जाते. ऐकायला पंधरावीस माणसे असतात.