माळीकाका, घंटा झाली!

घसरगुंडीवर बाळाला मांडीवर घ्यावं का? मधमाशीच्या डंखाला वास कशाचा येतो? आणि मागाच्या खटखटाटाचा छातीच्या ठोक्यांशी काय संबंध? बागेतल्या माणसांसाठी एका दिवसाची शाळा. वाचकांना मागच्या बाकावर बसायची परवानगी आहे.

भिवंडी म्हटलं की डोळ्यांआधी कानाला आठवते. यंत्रमागांची खटक-खटक, खटक-खटक, दिवसपाळी आणि रात्रपाळी. २०११च्या जनगणनेत हे शहर ७ लाख ९ हजार ६६५ माणसांचं भरलं. एवढ्या माणसांनी पाय मोकळे करायचे कुठे? वऱ्हाळा तलावाच्या काठावर, धोबी तलावाजवळच्या मैदानावर आणि इमारतींच्या मधे चुकून शिल्लक राहिलेल्या हिरवळीवर. सकाळी तिथे आजोबा चालतात आणि संध्याकाळी पोरं पळतात. दुपारी रात्रपाळीचा कारागीर बाकावर आडवा होतो. या सगळ्यांवर लक्ष ठेवायला असतो एखादा माळी, एखादा रखवालदार आणि त्याच्या गळ्यातली शिट्टी.

समजा, या मंडळींची शाळा भरली. खुरपं कोपऱ्यात ठेवलं आणि पाटी हातात घेतली. शिकायच्या गोष्टी दोनच: बागेत कुणाला लागू नये म्हणून काय करायचं, आणि लोकांना बागेच्या कामात कसं ओढायचं. वेळापत्रक फळ्यावर लावलंय.

हजेरी

या वर्गाचा सर्वांत जुना विद्यार्थी सोलापूर जिल्ह्यातल्या अरण गावचा, तेराव्या शतकातला. संत सावता माळी. ते मळा सोडून पंढरपूरला गेले नाहीत, विठ्ठलच मळ्यात आला, असं वारकरी सांगतात. कामाची जागा न सोडणाऱ्या कर्मचाऱ्याचं याहून मोठं प्रगतिपुस्तक कुठे मिळेल?

नगरपालिकांच्या कर्मचाऱ्यांची खरीखुरी शाळाही महाराष्ट्रात जुनी आहे. मुंबईची अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्था १९२६ची. स्वच्छता निरीक्षकापासून अग्निशमनापर्यंतचे अभ्यासक्रम तिथे चालतात. १९२६ हा आकडा जरा लक्षात ठेवा, मधल्या सुट्टीत पुन्हा लागणार आहे.

पहिला तास: भूमिती

एका चौकटीत झोके किती टांगावेत? दोनच. तिसरा टांगला की मधल्या झोक्याकडे जाणारं पोर कडेच्या झोक्याच्या वाटेत येतं. झोका ज्या आडव्या दांडीला टांगलाय तिच्या उंचीच्या दुप्पट जागा पुढे आणि तेवढीच मागे मोकळी हवी. दांडी आठ फुटांवर असेल तर सोळा फूट पुढे, सोळा फूट मागे. आता आपल्या गल्लीतला झोका आठवा. समोर भेळेची गाडी आहे ना?

भूमितीचं दुसरं गणित फटींचं. खेळण्यांच्या कठड्यात साडेतीन ते नऊ इंचांची फट नको, असं अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाची मार्गदर्शिका सांगते. कारण मजेशीर आहे आणि घाबरवणारंही. लहान मूल फटीत पाय आधी घालतं. पाय जातात, पोट जातं, डोकं अडकतं. म्हणून माळ्याच्या खिशात कात्रीसोबत मोजपट्टीही हवी.

दुसरा तास: पदार्थविज्ञान

आई प्रेमाने बाळाला मांडीवर घेते आणि घसरगुंडीवरून खाली येते. फोटो छान येतो, पण धोका इथेच आहे. बाळाच्या बुटाचा रबरी तळवा कडेला अडतो, आईचं वजन मात्र थांबत नाही आणि नडगीचं हाड मोडतं. बाळ एकटं घसरलं असतं, तर पाय अडताच तेही थांबलं असतं. पाटीवर लिहा: ‘घसरगुंडीवर एका वेळी एकच, मांडीवर कुणी नाही.’

पत्र्याची घसरगुंडी असेल तर तिच्यावर सावली हवी. एप्रिलच्या दुपारी तिला हात लावून बघा, पोळी भाजायचा तवा बरा. गोल फिरणाऱ्या पाळण्याजवळ रखवालदाराने आधी ओढणी आणि गळ्यातली दोरी बघावी. चाकाला कापड ओढायची सवय असते, हे भिवंडीला वेगळं सांगायला नको.

तिसरा तास: भूगोल

खाली हिरवळ आहे, पडलं तरी चालेल? चालणार नाही. पडण्याच्या हिशेबात गवत आणि माती मऊ धरतच नाहीत, तुडवून तुडवून ती दगड होते. नऊ इंच वाळूचा थर चार फुटांवरून पडणाऱ्याला सांभाळतो. तेवढाच लाकडाच्या ढलप्यांचा थर दहा फुटांपर्यंत पुरतो. रबराच्या तुकड्यांचा थर सहा इंच असला तरी तेवढंच काम करतो. पण झोक्याखालची वाळू पोरांच्या पायांनी रोज उडते, तेव्हा रोज दंताळं फिरवणारा हात नसेल तर नऊ इंच फक्त निविदेत उरतात.

पावसाळ्याचा धडा छोटा आहे. वीज चमकल्यापासून गडगडाट तीस सेकंदांच्या आत ऐकू आला तर बाग रिकामी करा. शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटं थांबा. झाडाखाली उभं राहू नका. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं ‘दामिनी’ ॲप रखवालदाराच्या फोनमध्ये असू द्या. आणि ज्या गुलमोहरावर आपण कविता करतो तो मूळचा मादागास्करचा. मुळं उथळ, लाकूड ठिसूळ. जूनच्या वादळाआधी माळ्याने पहिली फेरी त्याच्याकडे मारावी.

मधली सुट्टी: डबा आणि डंख

डब्यात केळं असेल तर मोहोळापासून लांब बसा. मधमाशी डंख मारते तेव्हा सोबत्यांना बोलावणारा एक गंध सोडते. त्यातलं मुख्य रसायन पिकलेल्या केळ्याच्या वासातही असतं. एक माशी चावली की ‘हल्ला करा’ असा निरोप हवेत जातो. हात झाडू नका, तोंड झाका आणि लांब पळा. तलावात उडी मारू नका, माश्या वर वाट बघत बसतात.

आणि साप दिसला तर? महाराष्ट्रात माणसाला सर्वांत जास्त त्रास देणारे विषारी साप चार: नाग, मण्यार, घोणस, फुरसे. काठी शोधू नका, सर्पमित्र शोधा. वनविभागाच्या मदतवाहिनीचा क्रमांक काय? १९२६! हजेरीतला आकडा पाठ केला असेल त्यांना इथे पूर्ण गुण.

चौथा तास: शारीरिक शिक्षण

वऱ्हाळा तलावाला गणपती विसर्जनाची गर्दी लोटते. सगळे कान ‘वाचवा, वाचवा’ ऐकायला टवकारलेले असतात. पण बुडणारा माणूस बहुतेक वेळा ओरडतच नाही. न्यूयॉर्कच्या किनाऱ्यावरचे जीवरक्षक फ्रँक पिया यांनी बुडणाऱ्यांचं चित्रीकरण करून हे दाखवून दिलं. तोंड पाण्याखाली-वर होतं, श्वासच पुरत नाही, हाक कुठून मारणार? हात आडवे पाण्यावर दाबले जातात, वर हलत नाहीत. हे सगळं वीस ते साठ सेकंदांत संपतं. म्हणून आवाजाची वाट बघू नका, अचानक गप्प झालेल्याकडे बघा.

वाचवायचा क्रमही पाठ हवा. आधी काठी पुढे करा, नाहीतर दोर किंवा तरंगणारं काही फेका. पाण्यात उडी सगळ्यांत शेवटी, तीही शिकलेल्यानेच घ्यावी. दोर नसेल तर? भिवंडीत हा प्रश्न पडू नये. जिथे ताग्यांवर तागे निघतात तिथे वारभर कापड मिळायला किती वेळ?

पाचवा तास: संगीत

बाकावरचे आजोबा कोसळले, श्वास नाही. १०८ला फोन लावा, ही रुग्णवाहिका सेवा महाराष्ट्रात २०१४पासून धावते. ती येईपर्यंत छातीच्या मधोमध दोन्ही तळहात ठेवून दाबत राहायचं. खोली निदान पाच सेंटिमीटर. वेग मिनिटाला शंभर ते एकशे वीस. जगभरचे प्रशिक्षक हा वेग गाण्यांच्या ठेक्यावर शिकवतात. भिवंडीकराला गाणं कशाला हवं? साध्या मागाचा धोटाही मिनिटाला शंभराच्या पुढेच फेऱ्या मारतो. ज्याने वीस वर्षं तो ठेका ऐकलाय त्याचे हात चुकायचे नाहीत. माळ्याला हे येत नसेल, तर शेजारच्या बाकावरच्या कारागिराला हाक मारा. लोकसहभाग याहून वेगळा काय असतो?

सहावा तास: भाषा

बागेतली पाटी कुठल्या भाषेत लिहायची? भिवंडीत मराठी, हिंदी आणि उर्दू एकाच चहाच्या टपरीवर ऐकू येतात, आणि पद्मशाली विणकरांच्या पद्मानगरात तेलुगूही. चारही भाषा लिहायच्या तर फळा झाडाएवढा होईल. म्हणून जगाने रंगांची बोली ठरवली. लाल वर्तुळात तिरकी रेघ म्हणजे मनाई. पिवळा त्रिकोण म्हणजे जपून. निळं वर्तुळ म्हणजे हे कराच. हिरवा चौकोन म्हणजे सुटकेची वाट. त्या हिरव्या चौकोनातून पळणारा माणूस जपानच्या युकिओ ओता यांच्या हातचा. तो तेलुगूही जाणतो आणि उर्दूही, कारण तो बोलतच नाही.

न बोलता बोलायची कला कापडाच्या गावांना जुनी आहे. इंग्लंडमध्ये लँकेशायरच्या गिरण्यांत मागांच्या आवाजात काहीच ऐकू यायचं नाही. तिथल्या विणकर बायकांनी ओठ ताणून, हात हलवून बोलायची पद्धत काढली. तिला म्हणायचे ‘मी-मॉ’. दारं-खिडक्या बंद असल्या तरी गल्लीपलीकडच्या घरातली भानगड कळायची म्हणे. आपल्या रखवालदाराची शिट्टी मागांच्या आवाजात हरवत असेल तर त्यानेही दोन-चार हातवारे ठरवून घ्यावेत.

सातवा तास: इतिहास

भिवंडीला कुणी ना कुणी ‘मँचेस्टर’ म्हणतंच. मग मँचेस्टरच्या बागांचंही ऐकून घ्या. २२ ऑगस्ट १८४६ या एका दिवशी तिथे आणि शेजारच्या सॅलफर्डमध्ये मिळून तीन सार्वजनिक बागा खुल्या झाल्या: क्वीन्स पार्क, फिलिप्स पार्क आणि पील पार्क. पैसा मोठ्या प्रमाणात लोकवर्गणीतून उभा राहिला होता. धूर ओकणाऱ्या कापडगावाने स्वतःच्या खिशात हात घालून झाडं विकत घेतली.

पुढे १८६०च्या दशकात अमेरिकेतल्या यादवी युद्धाने कापूस अडला, लँकेशायरचे माग थांबले. प्रेस्टन गावाने बेकार झालेल्या गिरणी कामगारांना काम दिलं ते बागा घडवण्याचं. त्याच कापूसटंचाईने इकडे मुंबईत पैशांचा पाऊस पडला. भायखळ्याची राणीची बाग खुली झाली १८६२मध्ये, त्याच काळात. कापसाचा धागा किती लांब जातो बघा.

माणसांच्या आग्रहाने बागेचं नावही बदलतं. दादरचं शिवाजी पार्कच घ्या. १९२५मध्ये खुलं झालं तेव्हा त्याचं नाव माहीम पार्क होतं. नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या आग्रहाने १९२७मध्ये ते शिवाजी पार्क झालं.

आठवा तास: नागरिकशास्त्र

घसरगुंडीला शिडी असते, तशी लोकसहभागालाही आहे. शेरी आर्नस्टाइन या अमेरिकन अभ्यासिकेने १९६९मध्ये ती मांडली. पायऱ्या आठ. सर्वांत खालच्या दोन म्हणजे सहभागाचं सोंग: लोकांना बोलवा, चहा पाजा, ठरलेलं ऐकवा. सर्वांत वरच्या पायरीवर कारभारच लोकांच्या हाती. आपल्याकडचे बहुतेक कार्यक्रम शिडीवर कुठे उभे असतात, ते हार आणि भाषणं मोजून ठरवा.

पुण्याने २००६च्या सुमारास एक पायरी चढून पाहिली. प्रभागात काय हवं, बाक की पदपथ, हे नागरिकांनी सुचवायचं आणि अंदाजपत्रकात त्याची तरतूद करायची. मूळ कल्पना ब्राझीलमधल्या पोर्तो आलेग्रे शहराची, १९८९ची.

कायद्यातही लोकांसाठी फट ठेवलीय, साडेतीन इंचांहून मोठी. महाराष्ट्राच्या १९७५च्या वृक्षसंरक्षण कायद्याप्रमाणे झाड तोडण्याआधी जाहीर नोटीस लागते आणि तुम्हाला हरकत घेता येते. २०२१च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांचं झाड ‘हेरिटेज’ ठरलं. झाड तोडलं तर त्याच्या वयाएवढी रोपं लावायची. साठ वर्षांचं झाड, साठ रोपं. शिकवणीच्या जाहिराती झाडाला ठोकणाऱ्यांसाठी वेगळा मास्तर आहे. पुण्याच्या ‘आंघोळीची गोळी’ या संस्थेने झाडांतले खिळे काढायची मोहीम चालवली. नाव थट्टेचं वाटतं, पण काम पाण्याचं. आठवड्यातून एकदा आंघोळीला गोळी द्या, पाणी वाचवा, हा तिचा मूळ आग्रह.

शेवटचा तास: कार्यानुभव

कोपनहेगनजवळच्या एमड्रुपमध्ये १९४३ साली, जर्मन ताब्याच्या काळात, एक अजब मैदान उघडलं. झोका नाही, घसरगुंडी नाही. फळ्या, विटा, दोऱ्या, मोडकं सामान. कल्पना उद्यानरचनाकार सॉरेन्सन यांची. पोरांना भंगारात खेळायला आवडतं हे त्यांनी पाहिलं होतं. पोरांनी तिथे घरं बांधली, पाडली, पुन्हा बांधली. पण सामानाबरोबर एक माणूसही नेमला होता, जॉन बर्टेल्सन. त्यांचं काम होतं सोबत असणं आणि मध्ये कमीत कमी पडणं.

म्हणजे भंगाराचं मैदानही चाललं, कारण बघणारा माणूस होता. आणि महागडी खेळणी आणून बागेला कुलूप लावणारी गावंही आपण पाहिली आहेत.

गृहपाठ

वाचकहो, मागच्या बाकावरून सुटलात असं समजू नका. या रविवारी बागेत जा. झोक्याखाली वाळूत बोट घाला, किती जातं बघा. कठड्याची फट टेपने मोजा. मग खुरपं घेऊन बसलेल्या माणसाजवळ जा आणि त्याचं नाव विचारा. झोक्याची साखळी झिजलेली दिसली तर पुढच्या वेळी लांबून ‘ओ, शुक शुक!’ करावं लागणार नाही.