लाकडाची लांबी वाढविणारे सांधे : खानदेशी धाब्याच्या घरांच्या संदर्भात

तापीकाठचे सारंगखेडा (ता. शहादा, जि. नंदुरबार) दत्तजयंतीच्या घोडेबाजारासाठी सर्वपरिचित आहे. तथापि या परिसरातील मातीच्या धाब्याची जुनी घरेही अभ्यासास पात्र आहेत. धाब्याचे वजन मोठे आणि सरळ सागवानी खोडाची लांबी मर्यादित. त्यामुळे तुळई जोडणे अपरिहार्य ठरते.

लाकूड म्हणजे उभ्या नलिकांची जुडीच होय. दोन तुकड्यांची टोके समोरासमोर चिकटविल्यास सरस नलिकांत शोषला जातो व जोड टिकत नाही. म्हणून टोके तिरपी तासून तंतूंच्या बाजू एकमेकींवर आणल्या जातात. १:१२ उताराचा, उत्तम चिकटविलेला तिरपा सांधा अखंड लाकडाच्या सुमारे ९० टक्के ताकद देतो. १:८ उताराला ती ८० टक्क्यांच्या आसपास येते. परंतु १५ सें.मी. उंचीच्या तुळईत १:१२ चा सांधा १.८ मीटर लाकूड खातो! कारखान्यांतील बोटांसारखा दातेरी सांधा हाच उतार अनेक लहान दातांत विभागून ही नासाडी टाळतो. नेहमीचा पांढरा सरस मात्र सततच्या भाराखाली हळूहळू सरकतो व ओलाव्याने मऊ पडतो. भारवाही जोडासाठी रिसॉर्सिनॉलसारखा जलरोधक सरसच हवा.

पारंपरिक सुताराजवळ असा सरस नव्हता. खाचा, पाचर आणि खुंटी यांवर उभा केलेला सांधा दाब चांगला सोसतो, वाकविणारा भार मात्र फारच थोडा. त्यामुळे असा सांधा खांबाच्या माथ्यावर घेणे हाच शहाणपणाचा मार्ग होय. तेथे प्रत्येक तुकडा स्वतंत्र तुळईप्रमाणे दोन खांबांवर टेकतो आणि सांध्यावर वाकविणारा भार जवळजवळ येतच नाही. काटेकोरपणे पाहता येथे तुळई लांब झालेलीच नसते. तुकडे जागेवर धरून ठेवणे एवढेच सांध्याचे काम असते.

खरा धोका नूतनीकरणात आहे. दुकानासाठी जागा मोकळी करताना मधला खांब काढला, की माथ्यावरचा सांधा अधांतरी येतो आणि दुप्पट झालेल्या गाळ्याचा सर्वाधिक ताण नेमका तेथेच पडतो. बाहेरून लोखंडी पट्टी ठोकणे हा त्यावर उपाय नव्हे. खांब काढणे अटळच असेल, तर आधी धाब्याला तात्पुरते टेकू द्यावेत, अभियंत्याकडून हिशेब करून घेतलेली अखंड लोखंडी तुळई खाली बसवावी आणि मगच खांबाला हात लावावा. गळक्या धाब्याखालील सांधा आतून कुजलेला असू शकतो. तो टोच्याने तपासून पाहावा.