किरकिर, खडखड आणि मुकी झीज

दार किरकिरू लागले की घरातील वडील मंडळी ‘बिजागरी झिजली’ असा निकाल देऊन मोकळी होतात. तेलाचे दोन थेंब सोडताच आवाज बंद होतो. त्याबरोबर झीजही थांबली असे समजून सर्वजण निश्चिंत होतात. घर्षण, झीज आणि आवाज ही एका घरात नांदणारी भावंडे खरी. परंतु एकाने ओरड केली म्हणजे दुसऱ्याने अपराध केलाच, असे मात्र नव्हे.

धातूचा पृष्ठभाग कितीही गुळगुळीत भासला, तरी सूक्ष्मदर्शकाखाली तो उंचसखलच दिसतो. असे दोन पृष्ठभाग एकमेकांवर ठेविले असता केवळ त्यांची शिखरे टेकतात. सारा भार त्या मोजक्या जागी एकवटतो व तेथे धातू धातूस चिकटतो. भाग सरकताना हे सांधे तोडावे लागतात. त्यास होणारा विरोध म्हणजे मुख्यत्वे घर्षण. सांधा जोडावरच सुटला तर धातूची हानी होत नाही. तो आतल्या बाजूस तुटला तर कण उचकटून निघतो, आणि झीज होते. १९५३ साली इंग्लंडमधील आर्चर्ड यांनी झिजेचा जो नियम मांडला, त्यात भार, सरकलेले अंतर आणि धातूचा कठीणपणा यांना स्थान आहे, घर्षणाला नाही. घर्षण जवळजवळ सारखे असूनही एक जोडी दुसरीच्या हजारपट झिजू शकते.

मग आवाज कोठून येतो? स्थिर भाग हलविण्यास जितका जोर लागतो, तितका तो हलता ठेवण्यास बहुधा लागत नाही. म्हणून भाग क्षणभर अडतो, ताण वाढला की निसटतो आणि पुन्हा अडतो. सारंगीच्या गजाला राळ लावितात ती याच अडण्या-निसटण्यासाठी. बिजागरीतला हा कंप दाराची फळी मोठा करून ऐकविते. घर्षणात खर्च होणाऱ्या शक्तीचा बहुतेक भाग उष्णतेत जातो. आवाजाच्या वाट्याला अत्यल्प अंश येतो. सबब मोठ्या किरकिरीमागे झीज थोडीच असू शकते.

उलटपक्षी, शांतताही फसवी असते. १८८३ साली इंग्लंडमध्ये ब्यूशँप टॉवर हे आगगाडीच्या आसाच्या बेअरिंगची परीक्षा करीत होते. बेअरिंगच्या माथ्यावरील तेलाच्या छिद्रात बसविलेले लाकडी बूच आतल्या तेलाच्या दाबाने वर ढकलले गेले. फिरता आस स्वतःच तेल खेचून घेऊन त्यावर तरंगतो, हे त्यावरून उमगले. परंतु ही तेलाची गादी आस फिरत असेपर्यंतच टिकते. यंत्र सुरू होताना व थांबताना धातू धातूस भिडतो आणि निःशब्दपणे झिजतो. तेलात धूळ गेली तर अनर्थच. मऊ धातूत रुतलेले तिचे कण शेजारचा कठीण पोलादी दांडा कापीत राहतात.

म्हणून शिवणयंत्राचा वा पंख्याचा आवाज ऐकताना भेद ओळखावा. किरकिर म्हणते, ‘येथे अडते आहे, तेल द्या.’ खडखड म्हणते, ‘झीज होऊन गेली, भाग सैल झाला.’ तेथे तेलाने आवाज मंदावेल, पण गेलेला धातू परत येणार नाही. या दोहोंच्या मध्ये जो मुका काळ जातो, त्यातच खरे नुकसान होते. काळवंडलेले तेल, त्यातील धातूची चमकती पूड आणि हाताला लागणारा वाजवीपेक्षा अधिक ऊनपणा या त्या काळातील खुणा होत. त्या कानाला कळत नाहीत; डोळ्यांनी व बोटांनीच पाहाव्या लागतात.