विसर्जनात अंगठी गेली? मेटल डिटेक्टर घेण्याआधी हे वाचा

गणपती विसर्जन झालं की दरवर्षी एक तरी गोष्ट कानावर येतेच. मूर्तीबरोबर सोन्याचा हार गेला, नाहीतर पाण्यात उतरलेल्याच्या बोटातली अंगठी गेली. मग मेटल डिटेक्टरची शोधाशोध सुरू होते. मीही असंच एक स्वस्तातलं यंत्र मागवलं होतं. शेतात त्याने खिळे, मोडका फाळ बरोबर दाखवला. भावजयीची अंगठी शोधायला किनाऱ्यावर नेलं, तर ओल्या वाळूत नुसतं बोंबलत राहिलं. अंगठी मिळाली नाही ती नाहीच.

दोष यंत्राचा नव्हता, निवडीचा होता. खाऱ्या पाण्यातून वीज वाहते. त्यामुळे एकाच फ्रिक्वेन्सीवर चालणारं साधं यंत्र ओल्या वाळूलाच धातू समजतं. त्यात आपल्या कोकण किनाऱ्यावर जागोजागी लोहयुक्त काळी वाळू आहे, तीही गोंधळ घालते.

समुद्रासाठी : एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सी वापरणारं 'मल्टी-फ्रिक्वेन्सी' यंत्र घ्या. दुसरा प्रकार 'पल्स इंडक्शन'. तो खारं पाणी, काळी वाळू फारशी जुमानत नाही, पण लोखंड आणि सोन्यातला फरक नीट सांगत नाही. प्रत्येक आवाजाला खणावं लागतं.

नदी-तळ्यासाठी : गोड्या पाण्यात साधं यंत्रही चालतं. मात्र घाटावर खिळे, तारा, बाटल्यांची झाकणं भरपूर, म्हणून लोखंड वगळायची सोय हवीच.

पाण्याचं बघा : बऱ्याच यंत्रांची फक्त खालची कॉइल पाण्यात चालते, वरचा डबा भिजला की संपलं. 'आयपी ६७' म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. समुद्रावरून आल्यावर यंत्र गोड्या पाण्याने धुवा.

अंगठीएवढी वस्तू साधारण वीतभर खोलीपर्यंतच सापडते. 'पन्नास फुटांवरचं सोनं दाखवतो' म्हणून लाखांत यंत्र विकणारा सरळ फसवतोय. अशाला दारात उभं करू नका.

कायदाही लक्षात ठेवा. जमिनीत दडलेलं दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं जुनं धन सापडलं, तर १८७८च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. विजयदुर्ग, सिंधुदुर्गसारख्या संरक्षित किल्ल्यांच्या हद्दीत परवानगीशिवाय खणता येत नाही.

आणि वस्तू हरवली, तर आधी समोरचं झाड, खडक बघून जागा पक्की करा. पुढच्या ओहोटीला तिथूनच शोध सुरू करा. जागाच चुकली, तर महागडं यंत्रही काही करणार नाही.