गोचीडताप म्हणजे नेमका कोणता ताप?



गाय तापली, चारा सोडला, दूध आटलं की आपण लगेच म्हणतो, "गोचीडताप असंल." पण गोचीडताप हा एकच आजार नाही. आपल्याकडे या नावाखाली तीन आजार येतात: थायलेरिया, बबेसिया आणि अ‍ॅनाप्लाझ्मा. थायलेरियात खांद्यापुढच्या गाठी सुजतात. बबेसियात लघवी लाल होते. अ‍ॅनाप्लाझ्मा हा मात्र जिवाणू. त्यात लघवी लाल होत नाही. हिरड्या आधी पांढुरक्या, मग पिवळ्या पडतात, शेण घट्ट होतं. तिन्हींची औषधं वेगळी. अ‍ॅनाप्लाझ्माला ऑक्सिटेट्रासायक्लिन चालतं, थायलेरियाला बुपार्वाक्वोन लागतं आणि ते महाग असतं. अंदाजाने सुई मारली तर पैसेही जातात आणि कधी गायही.

म्हणून इंजेक्शन देण्याआधीच डॉक्टरांना कानाच्या शिरेतून थेंबभर रक्त काचपट्टीवर घ्यायला सांगा. दुर्बिणीखाली जंतू दिसला तर त्याच दिवशी निदान होतं. एकदा औषध गेलं की जंतू कमी होतात आणि पट्टी कोरी दिसते.

पट्टीची एक अडचण आहे. अ‍ॅनाप्लाझ्मातून बरी झालेली गाय बहुधा जन्मभर जंतू बाळगते, पण ते इतके थोडे असतात की दुर्बिणीत सापडत नाहीत. तिथे पीसीआर तपासणी कामाला येते. करोनात नाकात काडी घालून नमुना घ्यायचे ना, त्याच जातीची ही तपासणी. जंतूच्या डीएनएमध्ये फक्त त्याचाच असा एक तुकडा असतो. यंत्र त्याच्या प्रती काढतं: एकाचे दोन, दोनाचे चार. 30 फेऱ्यांत एका तुकड्याचे 100 कोटींवर तुकडे होतात! (आपल्या बचतीला असं व्याज कुठलं मिळायला.) जंतू नसेल तर प्रतीच निघत नाहीत.

नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातल्या आणि ब्रिटनमधल्या संशोधकांनी महाराष्ट्रातल्या गाईंचं रक्त असं तपासलं. 2017 साली छापून आलेल्या त्या अभ्यासात दिसलं, की अंगात जंतू घेऊन वावरण्याची किंमत देशी गाईंपेक्षा संकरित गाईंना जास्त मोजावी लागते. आणि डेअरीला दूध घालायला आपण घेतो त्या गाई बहुधा संकरितच.

मग प्रत्येक गाय तपासायची का? माझ्या मते नको. तापलेल्या गाईला पीसीआरच्या अहवालापर्यंत ताटकळत ठेवू नका. पट्टी आणि लक्षणं बघून डॉक्टर उपचार सुरू करतात. शिवाय पीसीआरमध्ये जंतू सापडला म्हणजे आजचा ताप त्याचाच, असंही नाही. पण गोठ्यात एकामागून एक जनावर तापत असेल, औषध लागू पडत नसेल, किंवा गटाच्या कर्जातून काष्टीच्या बाजारातली महागडी गाय घ्यायची असेल, तर तपासणीचा विषय जरूर काढा. रक्त जांभळ्या बुचाच्या नळीत घेतात आणि बर्फाच्या डब्यातून, दवाखान्यामार्फत, पुण्याला औंधच्या रोग अन्वेषण विभागाकडे पाठवता येतं. नळी गोठवायची मात्र नाही.

नवी गाय आणल्यावर महिनाभर वेगळी बांधा, कारण अ‍ॅनाप्लाझ्माचा ताप दोन ते सहा आठवड्यांनीही येतो. आणि हा जंतू फक्त गोचिडातून जातो असं नाही. चावणाऱ्या माश्या आणि एकच सुई दोन जनावरांना वापरल्यानेही जातो. पशुसखी असो की डॉक्टर, "दर गाईला नवी सुई घ्या" म्हणायला लाजू नका. सुई काही रुपयांत येते, गाय 70-80 हजारांची.