पाण्याचे घड्याळ आणि शेवटची बोट

रविवारी दुपारी साडेचार ते संध्याकाळी सहा. किनाऱ्याजवळच्या सरकारी रुग्णालयात काम केलेल्या डॉक्टरला ही वेळ वेगळी सांगावी लागत नाही. सकाळी मुंबई-पुण्याच्या गाड्या अलिबाग, काशीद, मुरूडच्या रस्त्याने खाली उतरलेल्या असतात आणि मांडव्याला बोटी रिकाम्या झालेल्या असतात. दुपारी मासळीची थाळी झालेली असते, आणि परत निघायच्या आधी ‘एकदा शेवटचे’ म्हणून सगळे पाण्यात उतरतात. मी रायगड किनाऱ्यावर नोकरीला होतो तेव्हा त्या दीड तासात चहा घ्यायलाही सहसा खाली जात नसे.

अशाच एका रविवारी पिकअपच्या हौद्यातून एकोणीस वर्षांचा मुलगा आणला. मित्र कपड्यांनिशी भिजलेले, एकाच्या पायात एकच चप्पल. ‘सर, आम्ही गुडघाभर पाण्यातच होतो,’ हे वाक्य ते पुन्हा पुन्हा सांगत होते. किनाऱ्यावर काढल्यावर काय केले, असे विचारले. त्यांनी त्याला पालथे घातले, पोट दाबले, पाय धरून उलटा केला. पाणी आले तोंडातून, म्हणाले. यात दहा मिनिटे गेली. श्वास मात्र कोणी दिला नव्हता. आम्ही पाऊण तास झटलो. तो परत आला नाही.

त्या मुलांना मी तेव्हा दोष दिला नाही, आजही देत नाही. ‘गुडघाभर पाणी’ हे त्यांनी खरेच सांगितले होते. पण समुद्रात गुडघाभर पाणी ही जागा नसते, तो एक क्षण असतो. एक घनमीटर पाणी म्हणजे एक टन वजन. गुडघ्याइतकी लाट परत फिरते तेव्हा ती पायाखालची वाळूही घेऊन जाते. माणूस बसतो, पुढची लाट येते, आणि उठेपर्यंत पाणी छातीला लागलेले असते.

एका दिवसाच्या सहलीचे वेळापत्रक आपण घरी बसून ठरवतो. पाचला निघायचे, दहाला पोहोचायचे, एकला जेवायचे, तीनला पाण्यात, पाचला परत. समुद्राचे वेळापत्रक चंद्राकडे असते आणि ते रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. गंमत अशी की ते काढायला मोबाइल लागत नाही. कोकणात जुन्या माणसांचा हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ येते. पंचमी असेल तर पाचाची पाऊणपट पावणेचार, म्हणजे पावणेचारच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा ते बारा. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, गणित तेच. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण सहलीला एवढे पुरते. भरतीनंतर सव्वासहा तासांनी ओहोटी. भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी असतेच. आपण ती उपवासापुरती बघतो.

आता हेच गणित अलिबागच्या कुलाबा किल्ल्याला लावून पाहा. पंचमीला ओहोटी सकाळी साडेनऊच्या पुढे. दहाला पोहोचलेल्या माणसाला ओली वाळू आणि समोर किल्ला दिसतो. चालत जाण्याचा मोह होणारच, आणि जावेही. किल्ला सुंदर आहे, आत गोड्या पाण्याची विहीर आहे, गणपतीचे देऊळ आहे. पण पाणी सहा तास सारख्या वेगाने चढत नाही. पहिल्या तासात जेमतेम एक भाग, दुसऱ्यात दोन, आणि तिसऱ्या-चौथ्या तासांत तीन-तीन भाग. अशा बारा भागांपैकी निम्मी भरती मधल्या दोन तासांतच येते. किल्ल्यात फोटो काढता काढता साडेबारा वाजले की परतीची वाट गेलेली असते. मग कोणी मुलाला खांद्यावर घेतो, कोणी साडी वर धरते, आणि किनाऱ्यावरचे लोक ओरडून थांबायला सांगत असतात. अशा वेळी थांबावे, बोटीची सोय होते का पाहावे, नाहीतर पाणी उतरेपर्यंत किल्ल्यात बसून राहावे. सहा तास उपाशी राहून माझ्याकडे आजवर कोणी आणलेला नाही.

पौर्णिमा-अमावास्येच्या आगेमागे हे उलटे होते. तेव्हा उधाण असते. भरती-ओहोटीतला फरक आपल्या किनाऱ्यावर चार मीटरच्या पुढे जातो. दुपारी बाराला चढलेले पाणी तीन-चारच्या सुमारास सगळ्यात जोरात उतरत असते, आणि नेमकी तीच शहरातल्या माणसाची डुंबायची वेळ. जेवण झालेले, उन्हे कललेली, काही मंडळींच्या पोटात बिअर. दारूने सगळ्यात आधी अंदाज जातो, तोल नंतर. मित्राने ‘अजून थोडे पुढे’ म्हटल्यावर नको म्हणणारा मेंदूचा जो भाग आहे, तो पहिल्या बाटलीतच सुट्टीवर जातो.

किनाऱ्यावर फुटलेल्या लाटांचे पाणी परत जायला वाट शोधते. ते सगळीकडून सारखे जात नाही. वाळूतल्या एखाद्या खोलगट पट्ट्यातून ओढ्यासारखे आत जाते. जोराच्या वेळी या ओढीचा वेग सेकंदाला दोन मीटरपर्यंत असू शकतो, म्हणजे पट्टीच्या पोहणाऱ्यालाही भारी. आणि ही जागा दिसते कशी? शांत. दोन्ही बाजूंना लाटा फुटत असतात, मध्ये थोडे गडद, सपाट पाणी. आईवडील मुलांना मुद्दाम तिथे घेऊन जातात, कारण ‘इथे लाटा कमी आहेत’. ओढीत सापडलात तर किनाऱ्याकडे हात मारू नका, दमाल. ही ओढ खाली खेचत नाही, आत नेते. उताणे तरंगा, हात वर करा, आणि जमेल तसे किनाऱ्याला समांतर, आडवे सरका. पट्टा अरुंद असतो. तो सुटला की लाटाच परत आणतात.

हे सगळे पावसाळ्यातले प्रकार, असा एक समज आहे. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. फेब्रुवारी होता. पावसाळा संपून चार महिने झाले होते.

बुडणारा माणूस ओरडत नाही, हेही सांगायला हवे. सिनेमात तो हात हलवतो, हाका मारतो. प्रत्यक्षात तोंड पाण्याच्या पातळीला खालीवर होत असते, आणि वर आलेल्या क्षणात श्वास घ्यायचा की ओरडायचा, यात शरीर श्वास निवडते. हात हलवायचे भान नसते. ते दोन्ही बाजूंना पाणी दाबत राहतात, अदृश्य शिडी चढल्यासारखे. हे लहान मुलात वीस सेकंद, मोठ्यात फार तर एक मिनिट. एवढ्यात मागे उभे असलेले घरचे लोक सेल्फी काढून मोकळे होतात. पाण्यातले मूल खिदळत असेल तर ठीक आहे. गप्प झाले तर धावा, पण तुम्हाला पोहता येत नसेल तर पाण्यात उडी न घेता. दोरी, ओढणी, रिकामा पाण्याचा कॅन, मोटारीची स्टेपनी, जे तरंगते किंवा पोहोचते ते फेका आणि जीवरक्षकांना, कोळ्यांना हाक मारा. एकाला वाचवायला गेलेला दुसरा, हे दृश्य मी शवागारात एकाहून अधिक वेळा पाहिले आहे.

बाहेर काढल्यावरचा भाग कृपया नीट वाचा. पोट दाबून निघते ते पोटातले पाणी, फुप्फुसातले नव्हे. ते दाबताना उलटी श्वासनलिकेत जाते आणि वेळ जातो. बुडालेल्याचे हृदय सहसा प्राणवायूअभावी थांबते, म्हणून त्याला आधी श्वास हवा. उताणा झोपवा, कपाळ मागे आणि हनुवटी वर, नाक चिमटीत धरून तोंडाने श्वास द्या. छाती उचलली जाताना दिसली पाहिजे. सुरुवातीला दोन ते पाच श्वास. हालचाल नाही, श्वास नाही, तर छातीच्या मध्यभागी तळहाताच्या टाचेने मिनिटाला १०० ते १२० वेळा, मोठ्या माणसाला पाच-सहा सेंटिमीटर खोल दाब. तीस दाब, दोन श्वास, पुन्हा तीस. तोंडातून फेस येत राहील. पुसत बसू नका. कोणीतरी १०८ लावलेला असावा. प्राणवायूविना मेंदूकडे चार ते सहा मिनिटे असतात, आणि ही मिनिटे रुग्णालयात नव्हे, वाळूवरच संपतात.

बाकीच्या गोष्टी त्या मानाने किरकोळ, पण सहलीचा विचका करणाऱ्या. पावसाळ्यात मुंबईच्या चौपाट्यांवर निळ्या फुग्यासारखे ब्लू बॉटल येतात. वाळूवर मेल्यासारखे पडलेलेही डंख करतात. वाळू चोळू नका. धागे प्लॅस्टिकच्या पिशवीत हात घालून काढा, समुद्राच्याच पाण्याने धुवा, मग भाजणार नाही इतक्या गरम पाण्यात वीस मिनिटे धरा. पाकटाचा काटा पायात गेला तरी गरम पाणीच, अधिक वेळ. ते विष उष्णतेने निकामी होते आणि वेदना पाहता पाहता उतरते. जखम मात्र दाखवायलाच हवी, काट्याचा तुकडा आत राहतो. उथळ पाण्यात पाय घासत चालले तर पाकट आधीच पळून जाते. कोकणातल्या दमट हवेत घाम येतो पण वाळत नाही, म्हणून शरीर थंड होत नाही. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी घेणाऱ्या आजी-आजोबांना भर दुपारी किल्ल्याच्या पायऱ्या चढायला लावू नका. आणि समुद्राऐवजी धबधब्याला जाणाऱ्यांनी ३० जून २०२४ आठवावा. लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसे वाहून गेली. धबधब्याला भरतीचे वेळापत्रकही नसते. पाऊस वर डोंगरात पडतो, खाली ऊन असू शकते. पाणी गढूळ झाले, काटक्या-पाने वाहत आली की त्याच क्षणी बाहेर.

आता शेवटच्या बोटीबद्दल. त्या मुलानंतर काही महिन्यांनी नऊ वर्षांची एक मुलगी आणली. लाटेखाली गेली होती, बाहेर काढली तेव्हा श्वास नव्हता. एका कोळ्याच्या पोराने जीवरक्षकाचे प्रशिक्षण घेतले होते. त्याने तिथेच श्वास दिले, तिला उलटी झाली, ती रडली. आमच्याकडे आली तेव्हा बोलत होती. थोडा खोकला, बस. आईला हायसे वाटले होते आणि वडील घड्याळ बघत होते.

‘डॉक्टर, ती बरी आहे ना? आमची शेवटची बोट चुकेल. मुंबईत दाखवतो ना लगेच.’

‘अहो, बोटीत प्राणवायू नाही,’ मी म्हटले.

फुप्फुसातल्या वायुकोशांना आतून एक पातळ स्निग्ध थर असतो, त्यामुळे ते मिटत नाहीत. आत गेलेले थोडेसे पाणीही हा थर धुऊन टाकते. मग पुढच्या काही तासांत वायुकोश एकेक करून मिटतात, त्यांत द्रव साठतो. मूल हसत-बोलत असते, पण श्वासाची गती वाढत जाते. म्हणून पाण्यात गुदमरलेल्या आणि नंतर खोकणाऱ्या, दम लागलेल्या किंवा पेंगुळलेल्या कोणालाही सहा ते आठ तास देखरेखीखाली ठेवतात. तेवढ्या वेळात काही झाले नाही, तर सहसा पुढे होत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर ‘चार दिवसांनी घरी बुडून गेला’ अशा कथा फिरतात, त्यावर विश्वास ठेवू नका. पण पहिल्या रात्रीवर ठेवा.

वडील रागावले. सरकारी रुग्णालयात उगीच अडकवतात, असेही ऐकवले. मी कागद पुढे केला, स्वतःच्या जबाबदारीवर नेत असल्याची सही करा म्हणालो. आईने तो कागद घेतला आणि घडी घालून पर्समध्ये ठेवला. सव्वानऊच्या सुमारास मुलीचा प्राणवायू ९८ वरून ८९ वर आला. मास्क लावला, रात्रभर लावून ठेवला. वडील खाटेच्या पायथ्याशी उभेच होते. एकदा फक्त विचारले, बोटीत असतो तर? मी उत्तर दिले नाही.

मंगळवारी ती घरी गेली, पेण मार्गे, एसटीने.