लॅमिनेटच्या फरशीवरील मेणाचे थर

लॅमिनेटची फरशी लाकडासारखी दिसते, पण ती लाकडाची नव्हे. घोटाळा होतो तो येथेंच. १९७७ सालीं स्वीडनमधील पेरस्टॉर्प कंपनीनें ती प्रथम तयार केली. वर दिसणाऱ्या लाकडाच्या रेषा म्हणजे कागदावरील छापील चित्र. त्यावर मेलामाइन राळेचें कठीण, पारदर्शक कवच, आणि खालीं लाकडी तंतु दाबून केलेली फळी. खरें लाकूड मेण शोषून घेतें. या कवचांत मेणाला शिरावयास जागाच नाहीं. तें वरच बसतें आणि धूळ धरतें. मग तेज आणण्यासाठीं आणखी एक हात दिला जातो, आणि फरशी अधिकच मळकट व निसरडी होते. घरांत वृद्ध माणसें असलीं तर हा केवळ शोभेचा प्रश्न राहत नाहीं.

थर काढण्यासाठीं बादलीभर पाणी ओतणें हा सर्वांत वाईट उपाय. सांध्यांतून पाणी आंत गेलें कीं फळी फुगते, ती पुन्हां पूर्ववत् बसत नाहीं. वाफेचें यंत्रही वर्ज्यच. खरें मेण खनिज टर्पेंटाइननें विरघळतें. खिडक्या उघडून, शेगडी बंद करून, मऊ कापडावर थोडेंसें घ्यावें व हातभर जागा चोळावी. ॲक्रिलिक पॉलिशचा थर असल्यास मात्र कोमट पाण्यांत थोडा अमोनिया लागतो. त्यांत ब्लीचिंगचें पाणी कधींही मिसळूं नये. निघणारा वायु फुप्फुसांस घातक असतो. कोणताही उपाय आधीं कपाटाखालच्या कोपऱ्यांत करून पाहावा. सुटलेला मळ प्लास्टिकच्या बोथट पट्टीनें उचलावा, तारेची घासणी दूर ठेवावी, आणि जागा कोरड्या कापडानें टिपून मगच पुढें सरकावें.